एकाच परीक्षेचा हट्ट कोणाच्या जिवावर?

बारावीच्या मुलांसाठी आपल्याकडे एक सल्ला कायम तयार असतो: एकच परीक्षा धरा, बाकीच्या सोडा. क्लासच्या कार्यालयात तो ऐकू येतो, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतो, निकालानंतर गुणवंतांच्या मुलाखतींत छापूनही येतो. अभियांत्रिकीसाठी जेईईची तयारी करणाऱ्या मुलानं राज्याच्या सीईटीचा अर्ज भरला, की त्याचा स्वतःवर विश्वास नाही असं ठरतं. नीट देणाऱ्या मुलीनं पीसीबी गटाची सीईटी द्यायची म्हटलं, की "म्हणजे तुला डॉक्टर व्हायचंच नाही का?" असा प्रश्न येतो. सोबतीला म्हण असतेच, एक ना धड भाराभर चिंध्या.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. या सल्ल्याची मला चीड आहे. तो मायेनं दिला जातो, अधिकारवाणीनं दिला जातो, आणि तो चुकला तर देणाऱ्याचं काहीच जात नाही. जातं ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचं अख्खं वर्ष.

आधी या मताची बाजू नीट मांडतो. ते म्हणतं, माणसाची शक्ती मर्यादित असते. ती दोन ठिकाणी वाटली तर कुठेच पुरी पडत नाही. प्रत्येक परीक्षेचा अभ्यासक्रम आणि काठिण्यपातळी वेगळी असते, म्हणून एकीची तयारी दुसरीच्या उपयोगी पडत नाही. मागे दुसरी वाट राखली, की पुढच्या वाटेवरची जिद्द ढिली होते. आणि ज्याची तयारी खरोखर पक्की आहे, त्याला दुसऱ्या परीक्षेची गरजच काय? चारही विधानं कणखर वाटतात. पण महाराष्ट्रातल्या प्रवेशांचं प्रत्यक्ष चित्र समोर ठेवलं, तर त्यातलं एकही टिकत नाही.

शक्ती वाटली जाते हे केव्हा खरं? दोन कामं वेगळी असतात तेव्हा. इथे ती वेगळी आहेत का? जेईई मेनला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. सीईटीच्या पीसीएम गटालाही हेच तीन विषय. नीटला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. पीसीबी गटालाही तेच. दोन्हींचा पाया अकरावी-बारावीचा. फॅरेडेचा नियम केंद्राच्या परीक्षेत एक आणि राज्याच्या परीक्षेत दुसरा असतो का? विद्युतधारेचं प्रकरण ज्याला मुळापासून समजलं आहे, त्याचं ते ज्ञान प्रश्नपत्रिकेवर कोणत्या संस्थेचं नाव आहे हे पाहून कमी-जास्त होत नाही.

फरक आहेत, आणि ते नेमके कुठे आहेत हे मुलांना सांगितलं पाहिजे. रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स ही प्रकरणं एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहेत; आपल्या राज्य मंडळानं ती बारावीत ठेवली आहेत. सॉलिड स्टेट आणि पॉलिमर्स ही प्रकरणं २०२४ च्या परीक्षेपासून जेईई आणि नीट या दोन्हींच्या अभ्यासक्रमातून गेली; राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्रात ती आहेत, म्हणून सीईटीतही येतात. गणितात मॅथेमॅटिकल लॉजिक आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग सीईटीला लागतं, जेईई मेनला लागत नाही. सीईटीत सुमारे ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा, तोही अकरावीच्या निवडक प्रकरणांचा. म्हणजे जेईई करणाऱ्या मुलाला सीईटीसाठी 'जास्तीचं' म्हणून जे करावं लागतं, ती जवळपास सगळी प्रकरणं त्याला बारावीच्या बोर्डासाठी करायचीच आहेत. ज्या अभ्यासाशिवाय बारावीचं गुणपत्रक धड होत नाही, त्याला शक्तीची उधळण कसं म्हणायचं?

आणि बारावीचं गुणपत्रक म्हणजे काही शोभेचा कागद नाही. एनआयटी आणि आयआयटीत प्रवेश घ्यायचा, तर खुल्या गटातल्या मुलाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. 'फक्त जेईई' म्हणत राज्य मंडळाची पुस्तकं दोन वर्षं बंद ठेवणारा मुलगा सीईटी तर घालवतोच. जेईईनं मिळवलेली जागाही धोक्यात घालतो. एकाग्रतेच्या नावानं त्याला दिलेला सल्ला त्याच्या मुख्य परीक्षेच्याच मुळावर येतो.

दुसरा मुद्दा काठिण्यपातळीचा. "जेईईचा मुलगा सीईटीत कंटाळतो, सीईटीचा मुलगा जेईईत बुडतो" असं सांगितलं जातं. सीईटी घेणाऱ्या राज्याच्या कक्षानंच काठिण्यपातळी जाहीर केलेली आहे: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित जेईई मेनच्या तोडीचं, जीवशास्त्र नीटच्या तोडीचं. प्रत्यक्षात प्रश्नांची धाटणी वेगळी पडते, हे वर्गात रोज दिसतं. पण खरा फरक वेगाचा आहे. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना तीन तास, म्हणजे प्रश्नाला २ मिनिटं २४ सेकंद. नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटं. जेईई आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सीईटीत चुकीला शिक्षा नाही, त्यामुळे तिथे एकही प्रश्न सोडून यायचा नसतो.

हा फरक शिकायला दोन वर्षं लागतात का? विषय पक्का असेल तर घड्याळ लावून सोडवलेल्या काही सराव प्रश्नपत्रिका पुरतात. एका परीक्षेत कुठे थांबायचं हे कळतं, दुसरीत कुठे थांबायचं नाही हे कळतं. शिवाय हे दोन वेग एकमेकांना मदत करतात. ५४ सेकंदांत सूत्र आठवून आकडेमोड उरकायची सवय लागलेली मुलगी नीटच्या भौतिकशास्त्रात गडबडत नाही. जेईईच्या लांब प्रश्नांवर झुंजलेल्या मुलाला सीईटीच्या गणितातला वळणाचा प्रश्न अडवत नाही. रोज तालमीत घुमणाऱ्या पैलवानाला मातीवरची आणि मॅटवरची कुस्ती अशा दोन वेगळ्या ताकदी कमवाव्या लागत नाहीत. नियम समजून घेतले की तीच ताकद दोन्हीकडे लागते.

तिसरं विधान सगळ्यात जास्त टाळ्या घेतं: दुसरी वाट ठेवली की जिद्द संपते. पूल जाळून लढायला निघालेल्या सेनापतींच्या गोष्टी यासाठी सांगितल्या जातात. पण परीक्षेच्या हॉलमध्ये काय घडतं? नीट वर्षातून एकदा होते, एका दिवशी, एका दुपारी. त्या तीन तासांवर सगळं आयुष्य टांगलेलं आहे असं ज्या मुलीच्या मनात दोन वर्षं भरलं आहे, ती पहिले दहा प्रश्न अवघड निघाल्यावर काय करेल? माझ्या अनुभवात अशी मुलं घाबरून अंदाजानं गोल काळे करतात आणि वजा गुण ओढवून घेतात. येत असलेलं विसरतात, कारण डोक्यात प्रश्न नसतो, परिणाम असतो. जिच्या हातात दुसरी परीक्षा आहे, तिला अवघड प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाता येतं. जिद्द म्हणजे भीती नव्हे. भीती रात्री जागवते, पण पेपर लिहू देत नाही.

थोडा हिशोबही बघा. २०२५ मध्ये नीटला २२ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. जेईई मेनमधून अडीच लाख मुलं जेईई ॲडव्हान्स्डला, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, पात्र ठरतात आणि आयआयटीच्या जागा आहेत सुमारे १८ हजार. म्हणजे मनापासून, प्रामाणिकपणे, जिद्दीनं अभ्यास केलेल्या बहुसंख्य मुलांना ती विशिष्ट जागा मिळणार नाही, हे परीक्षेआधीच ठरलेलं आहे. जागा कमी आहेत म्हणून ठरलेलं आहे. अशा वेळी प्रत्येक मुलाला "तू फक्त याच दारावर उभा राहा" असं सांगणं ही प्रेरणा कशी? ज्या थोड्यांना जागा मिळाल्या त्यांच्या मुलाखती आपण वाचतो. तोच सल्ला पाळून बाहेर राहिलेल्यांची मुलाखत कोण घेतो?

आता चौथं: तयारी पक्की असेल तर दुसरी परीक्षा कशाला? या विधानात एक गोष्ट गृहीत आहे. तयारी मुलाची असते, पण परीक्षा दरवर्षी भरवशाची असते, असं. महाराष्ट्रातल्या पालकांनी हे गृहीत धरावं, याचं मला आश्चर्य वाटतं. २०१४ आणि २०१५ मध्ये राज्यातले अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेनच्या आधारे झाले. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. २०१६ च्या एप्रिलच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं नीट त्याच वर्षी घेण्याचा आदेश दिला, तेव्हा आपल्याकडची वैद्यकीयची मुलं ५ मेच्या सीईटीची उजळणी करत होती. परीक्षेला जेमतेम आठवडा उरलेला आणि ही परीक्षा चालणार की नाही हेच माहीत नाही. मग २४ मे रोजी अध्यादेश निघाला आणि राज्याच्या कोट्यातल्या जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. खासगी महाविद्यालयांच्या व्यवस्थापन कोट्यासाठी आणि अभिमत विद्यापीठांसाठी नीट राहिलीच. त्या एका महिन्यात 'फक्त सीईटी' म्हणणाऱ्यांची आणि 'फक्त नीट' म्हणणाऱ्यांची, दोघांचीही झोप उडाली होती. दोन्हींचा विचार केलेली मुलं तेवढी अभ्यास करत राहिली.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यायची का? मग २०२४ बघा. ५ मेला झालेल्या नीटनंतर पेपरफुटीचे आरोप झाले, १,५६३ विद्यार्थ्यांचे वाढीव गुण रद्द करून त्यांना २३ जूनला फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अखिल भारतीय कोट्याची प्रवेशफेरी ऑगस्टमध्ये सुरू झाली. परीक्षा रद्द होणार का, या टांगत्या तलवारीखाली लाखो घरांनी पावसाळा काढला. २०२५ मध्ये सीईटीची पाळी आली: २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताचे २१ प्रश्न सदोष निघाले आणि सत्तावीस हजारांहून जास्त मुलांना ५ मेला पुन्हा बसावं लागलं. केंद्राची परीक्षा असो की राज्याची, ती चालवणारी यंत्रणा चुकते, आणि चुकीचा भार विद्यार्थ्यावर टाकते. अशा यंत्रणेच्या भरवशावर आपलं सगळं वर्ष एकाच ठिकाणी लावायला आपण मुलांना सांगतो, त्याला ध्येयनिष्ठा कसं म्हणायचं?

हा सल्ला कोणाला परवडतो, हे विचारायची वेळ आता आली आहे. ज्या घरात व्यवस्थापन कोट्यातल्या जागेचे पैसे भरण्याची ऐपत आहे, त्या घरातल्या मुलानं एकच परीक्षा दिली तर बिघडत नाही. ज्या मुलाला 'ड्रॉप' घेऊन कोटा शहरात, लातूरमध्ये किंवा पुण्यात आणखी एक वर्ष खोली, खानावळ आणि क्लासची फी भरता येते, त्याचंही बिघडत नाही. पण कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातल्या मुलीचं काय? माझ्या वर्गात अशा मुली दरवर्षी असतात. त्यांना दुसरं वर्ष मिळत नाही. या वर्षी प्रवेश झाला तर शिक्षण, नाही झाला तर घरात स्थळांचा विषय निघतो. या मुलीला "सीईटी देऊ नकोस, लक्ष विचलित होतं" असं सांगणारा माणूस तिच्या हातून नक्की काय काढून घेतो आहे, हे त्याला कळतं का?

याच मताचा दुसरा चेहरा गावाकडे दिसतो, आणि तो जास्त क्रूर आहे. शहरातल्या मुलाला सांगतात, फक्त जेईई. गावातल्या मुलाला सांगतात, जेईई तुझं काम नाही, फक्त सीईटी. दोन्हीकडे सूत्र एकच, एक धर बाकी सोड. फक्त कोणी काय सोडायचं हे त्याच्या घराकडे बघून ठरतं. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी राखलेल्या आहेत, आणि त्या जेईई मेनच्या गुणवत्तेवरच भरतात. ती परीक्षा वर्षातून दोनदा होते, दोन्हींतला चांगला गुणांक धरला जातो, आणि २०२१ पासून तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. हे किती गावांत सांगितलं जातं? गणितात उत्तम असलेला मुलगा जेईईचा अर्जच भरत नाही, कारण आपल्याला ते झेपणार नाही असं त्याच्या वतीनं मोठ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. त्याला नापास परीक्षेनं केलेलं नाही, आपण केलं आहे.

क्लासच्या व्यवसायाबद्दलही बोललं पाहिजे. जेईईची तुकडी वेगळी, नीटची वेगळी, सीईटीची वेगळी, आणि प्रत्येकीची फी वेगळी. दोन वर्षं "सीईटीकडे बघूही नका" म्हणायचं आणि बोर्डाची परीक्षा संपली, की त्याच मुलांना सीईटीचा क्रॅश कोर्स विकायचा, हा प्रकार मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. सीईटी इतकीच बिनमहत्त्वाची असेल, तर एप्रिलमध्ये तिच्यासाठी वेगळी पावती का फाडली जाते? फलकावर फोटो लावायला पहिले पाच-दहा विद्यार्थी पुरतात. उरलेल्या शेकडोंचा प्रवेश कुठे झाला, याची जबाबदारी त्या फलकावर कुठेच नसते. मुलांचं हित आणि फलकाचं हित एकच आहे, असं समजणं पालकांनी आता थांबवावं.

या सगळ्यामागे एक तुच्छताही आहे: सीईटी म्हणजे हरलेल्यांची परीक्षा. ही तुच्छता अज्ञानातून येते. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, माटुंग्याची आयसीटी या संस्थांची महाराष्ट्रासाठी असलेली दारं सीईटीनं उघडतात. या संस्थांमधून शिकलेल्यांनी या राज्याचे कारखाने, पूल आणि रासायनिक उद्योग उभे केले आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांतली पदवी, औषधनिर्माणशास्त्राची पदवी, याही वाटा सीईटीतून जातात. डॉक्टर होण्याचं मनात धरून अभ्यास केलेली मुलगी उद्या वनस्पतींच्या रोगांवर काम करू लागली, तर ती वाया गेली का? जीवशास्त्र तिनं मन लावून शिकलेलं असतं, ते तिच्यासोबत जातंच. दुसऱ्या परीक्षेला आपण 'नाइलाज' म्हणतो, म्हणून त्या वाटेनं जाणारं मूल खाली मान घालून जातं. ती मान आपण खाली घालायला लावली आहे.

मान्य करायचं ते एवढंच, की दिसेल तो अर्ज भरणं म्हणजे तयारी नव्हे. नीटचा खुल्या गटाचा अर्ज १,७०० रुपयांचा, बाकीचे हजाराच्या घरातले; त्यात केंद्राच्या गावी जायचा खर्च. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन जेईई आणि नीट एकाच वर्षी पूर्ण ताकदीनं देणं थोड्यांनाच झेपतं, आणि कुठल्याही मुलावर ते लादू नये. पण यातून निघतो तो निवडीचा नियम, एकाच परीक्षेचा नाही. आपल्या तीन विषयांवर चालणारी एक देशपातळीची परीक्षा आणि एक राज्यपातळीची, या दोन्ही ठरवून द्याव्यात. बारावीचं पुस्तक पाया म्हणून पूर्ण करावं. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, मग सीईटी, मे महिन्यात नीट. या क्रमात कोणत्या आठवड्यात कोणत्या वेगाचा सराव करायचा, हे अकरावीतच कागदावर मांडावं. हे सांगणं शिक्षकाचं काम आहे. ते न करता "एकच धर" म्हणून मोकळं होणं, ही कामचुकारी आहे.

म्हणून पालकांना आणि माझ्या सहकाऱ्यांना मला स्पष्ट सांगायचं आहे. एकापेक्षा जास्त परीक्षांची तयारी करणारं मूल गोंधळलेलं नाही, कच्चं नाही, ध्येयाशी बेइमान नाही. एकच अभ्यास ते दोन ठिकाणी कसाला लावतं आहे, आणि जी व्यवस्था त्याला काहीच हमी देत नाही तिच्यापासून आपलं वर्ष वाचवतं आहे. त्याला अडवायचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांना हमी देता येत नाही, त्यांनी पर्याय काढून घेऊ नयेत. मुलानं एकाच परीक्षेवर सगळं लावावं असं ज्याला वाटतं, त्यानं आधी सांगावं, ती परीक्षा हुकली तर पुढच्या वर्षाची फी, खोली आणि खानावळ तो भरणार आहे का, आणि कोरडवाहू शेतीवरच्या त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांशी बोलणार आहे का. उत्तर नाही असेल, तर त्यानं तो सल्ला देऊ नये. आणि मुलांनो, तुम्ही तो ऐकू नका. दोन्ही अर्ज भरा, दोन्ही परीक्षा मान वर करून द्या, आणि ज्या दारातून आत जाल तिथे मन लावून शिका.